मावशीची फेरी

१

टिल्लू हे नाव ऐकून कुणी बुटका, किडकिडीत माणूस डोळ्यांपुढे आणला तर तो फसला. हा गडी कुठल्याही दारातून मान वाकवूनच आत येतो. पण मावशीने लहानपणी टिल्लू म्हटलं ते म्हटलं. पुढे तो ताडमाड वाढला, त्याला ती बिचारी काय करणार? आई गेल्यावर तिनेच त्याला पोटाशी धरलं, तिनेच लहानाचा मोठा केला. तेव्हा हाक मारायचा हक्कही तिचाच.

टिल्लूचा धंदा नेटवर्कचा. कचेऱ्यांतून, दवाखान्यांतून तारा ओढायच्या, पेट्या बसवायच्या आणि बिघडलं की शिव्या खायला हजर राहायचं. त्या दिवशी मात्र तो कामाला आला नव्हता, मावशीला भेटायला आला होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मावशी शुश्रूषागृहात मुक्कामाला होती आणि एव्हाना तिथल्या आयांची लग्नं जुळवण्यापर्यंत तिची मजल गेली होती.

"आज संध्याकाळी परीक्षा आहे," ती म्हणाली. "वॉकर घेऊन इमारतीची अख्खी फेरी. मधे बसायचं नाही, मागे फिरायचं नाही. जमलं तर डॉक्टर घरी सोडणार. नाही जमलं तर पुढच्या आठवड्यात ते पुन्हा येतील तोवर इथेच."

"जमेल की. त्यात काय?"

"जमायलाच हवं." मावशीने आवाज खाली आणला. "सगळे चांगले आहेत इथे. पण आणखी आठवडा काढला ना, तर मी इथलीच होऊन जाईन रे. मला घरी ने."

टिल्लू काही बोलणार एवढ्यात इमारतीतल्या झाडून सगळ्या खोल्यांच्या घंट्या एकदम वाजायला लागल्या.

२

इमारत अगदी सुटसुटीत होती. समोरासमोर दोन लांबलचक भाग, खोल्यांचे. त्यांना दोन्ही टोकांना जोडणारे दोन काचेचे पॅसेज. मधे बाग. म्हणजे एका खोलीतून निघून चालत राहिलं की माणूस आपोआप गोल फिरून परत त्याच खोलीशी येतो. चार कोपऱ्यांना चार दारं: जेवणघर, औषधांची खोली, कपड्यांची खोली आणि व्यायामाची खोली. प्रत्येक कोपऱ्यात भिंतीला नेटवर्कची एकेक पेटी, पेटीत एक स्विच, म्हणजे तारांतले निरोप इकडून तिकडे धाडणारं यंत्र, आणि पेशंटच्या उशाच्या घंट्या त्या स्विचांवरून चालायच्या.

मेट्रनबाई कानांवर हात ठेवूनच आल्या. "अहो नेटवर्कवाले, तुमचा हा भाचेपणा जरा बाजूला ठेवा आणि हे बंद करा. कुणाला खरंच काही हवं असेल तर मला कळायचं कसं?"

दोष शोधायला टिल्लूला फार वेळ लागला नाही. औषधांच्या खोलीच्या पेटीतून एक तार नुसतीच लोंबत असायची, ती आज दिसेना.

"ती मीच खोचली," मेट्रनबाई अभिमानाने म्हणाल्या. "किती दिवस लोंबत होती. मला पसारा खपत नाही. शेजारीच बरोबर त्याच मापाचं भोक होतं."

टिल्लूला हसू आवरेना. ज्याने कुणी या पेट्या बसवल्या होत्या त्याने चारी कोपरे गोल जोडले होते, आणि मग सेटिंग करायचा कंटाळा आला म्हणून एक तार उपटून ठेवली होती. बाईंनी ती खोचली, वर्तुळ पुरं झालं, आणि घंटेचा एकच निरोप चार पेट्यांतून गरागरा फिरायला लागला. अशा वर्तुळात निरोप संपत नाही. पेटी त्याची नक्कल काढून दोन्हीकडे पाठवते, त्या नकलांच्या पुन्हा नकला होतात, आणि थोड्याच वेळात खरा निरोप कोणता हे खुद्द पेटीलाही सांगता येत नाही.

"मग काढ ती तार," मावशी दारातून म्हणाली. चालू कामात सल्ला न देणं तिला आयुष्यात जमलं नाही.

"काढली तर उद्या दुसरी एखादी तुटल्यावर अर्ध्या घंट्या मुक्या होतील. यावर औषध आहे मावशी, स्पॅनिंग ट्री म्हणतात. पेट्या आपसात एक म्होरक्या निवडतात. त्याच्यापर्यंत प्रत्येकाने एकच वाट चालू ठेवायची. जास्तीची वाट मिटून ठेवायची, पण तोडायची नाही. गरज पडली की ती आपणहून उघडते."

"आणि म्होरक्या कोण?"

"आपण काही सांगितलं नाही, तर बहुतेक वेळा सगळ्यात जुनी पेटी."

"मग ठीक आहे," मावशी म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाला विचारल्याशिवाय घर चालू नये."

टिल्लूने औषधांच्या खोलीबाहेर स्टुलावर लॅपटॉप मांडला आणि चारी पेट्यांत स्पॅनिंग ट्री चालू केली. घंट्या थांबल्या. अशा वेळी पेट्या अर्धा मिनिट नुसता कानोसा घेत गप्प बसतात, काही पुढे सोडत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. पण त्या अर्ध्या मिनिटात एकूण इमारतच गप्प झाली. खोल्यांतली बडबड, जेवणघरातली भांडी, कुणाचं खोकणं, सगळं बंद. पलीकडे एक आया हसता हसता थांबली होती, तोंड उघडंच. मग हसणं जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू झालं.

घंट्यांनी कान बधिर झाले असतील, असं टिल्लूने स्वतःला सांगितलं.

३

म्होरकेपण व्यायामाच्या खोलीतल्या पेटीकडे गेलं होतं. तिचा पंखा दम्याच्या पेशंटसारखा घरघरायचा, म्हणजे वयाने तीच थोरली. मिटलेली वाट होती ती औषधांच्या खोलीपासून कपड्यांच्या खोलीपर्यंतची, म्हणजे टिल्लूच्या उजव्या हाताच्या काचेच्या पॅसेजातून जाणारी तार. सगळं पुस्तकात लिहिल्याबरहुकूम. तो चहा पीत आपल्यावरच खूश होऊन बसला.

तेवढ्यात मेट्रनबाई चादरी आणायला निघाल्या. कपड्यांची खोली समोर, पॅसेज ओलांडला की आलीच. पण बाई वळल्या डावीकडे. जेवणघरावरून, पलीकडच्या पॅसेजातून, व्यायामाच्या खोलीवरून, सगळी इमारत पालथी घालून चादरी घेऊन तशाच परत आल्या.

"बाई, इथून जवळ नव्हतं का?"

"कुठून?" बाईंनी पॅसेजाकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे डोळे तिकडे गेले, एवढंच. "इकडूनच जायचं असतं," त्या म्हणाल्या आणि घाम पुसत गेल्या.

मग टिल्लू बघतच राहिला. आया, जेवणाची गाडी, पायाला पट्टी बांधलेला एक पेशंट, सगळे लांबून. उजवीकडचा पॅसेज उन्हात चकचकत रिकामा पडलेला. निवृत्त पोस्टमास्तर तर रोज दुपारी त्याच पॅसेजातल्या बाकावर बसून पेपर वाचायचे. ते आज औषधांच्या खोलीशी घुटमळत होते. पांढरेशुभ्र केस, अंगावर शुश्रूषागृहाची पांढरी शाल, बगलेत पेपर.

"काय मास्तर, बाकावर नाही बसायचं?"

"मन होत नाही आज," पोस्टमास्तर म्हणाले. "जातो आणि काहीतरी विसरल्यासारखं वाटतं. मग परत येतो."

टिल्लू हसला आणि स्वतःच निघाला. पॅसेजाच्या तोंडाशी पोहोचला तेव्हा त्याला आठवलं, की चहाचा कप स्टुलावर लॅपटॉपला टेकून ठेवलाय, सांडेल. तो मागे फिरला. कप खाली जमिनीवर होता. पुन्हा निघाला, या वेळी वाटलं, गाडीची किल्ली कुठे राहिली? किल्ली खिशातच होती. तिसऱ्यांदा त्याने ठरवलं, काही आठवलं तरी फिरायचं नाही. आणि भानावर आला तेव्हा तो स्टुलावर बसलेला होता.

माणूस थकला की असं होतं. सकाळपासून पोटात दोन बिस्किटांखेरीज काही नव्हतं. शिवाय तारेचा आणि पायांचा संबंध काय? तार भिंतीतून जाते, माणसं जमिनीवरून. असं सगळं त्याने व्यवस्थित मनात मांडलं, आणि तरी पुन्हा उठून बघायचा धीर काही त्याला झाला नाही.

४

ऊन कललं तशी मावशी शुश्रूषागृहाची पांढरी शाल गुंडाळून, वॉकर घेऊन सज्ज झाली. मेट्रनबाई हाताची घडी घालून औषधांच्या खोलीपाशी उभ्या. मावशी जेवणघराच्या दिशेने ठक ठक करत गेली, वाटेत प्रत्येक दारात डोकावून दोन शब्द बोलली, पलीकडचा पॅसेज पार केला, समोरच्या भागातून कपड्यांच्या खोलीपर्यंत पोहोचली. आता उजवीकडचा पॅसेज ओलांडला की झालं. टिल्लू टाळ्या वाजवायच्या तयारीत होता.

मावशी पॅसेजाच्या तोंडाशी थांबली. कमरेचा खिसा चाचपला. आणि वळून आल्या वाटेने परत निघाली.

"मागे फिरल्या," मेट्रनबाई म्हणाल्या. "फेरी धरता येणार नाही."

मावशी खुर्चीत टेकली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "काय झालं कोण जाणे रे. पाय उत्तम आहेत. पण तिथे गेले आणि वाटलं, काहीतरी राहिलंय."

"बाई, एक संधी द्या," टिल्लू म्हणाला. "डॉक्टर जायला अजून वेळ आहे."

बाई कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. थोडी विश्रांती घेऊन पुन्हा फेरी मारायला त्यांनी परवानगी दिली.

आता टिल्लूच्या डोक्यात एक खुळी कल्पना आली होती. खुळीच म्हणायची, म्हणून तो कुणाला बोलला नाही. जुन्यापुराण्या पेटीला म्होरक्या ठेवू नये, हे तर कुठलाही शहाणा माणूस सांगेल. आपली चांगली पेटी निवडून तिच्या नावावर म्होरकेपण करून द्यायचं असतं. आळसापोटी त्याने ते करायचं टाळलं होतं. समजा, औषधांच्या खोलीतली पेटी म्होरकी केली, तर मिटलेली वाट सरकून बरोबर समोरच्या कोपऱ्याशी जाईल. म्हणजे पलीकडचा पॅसेज मिटेल आणि हा उघडेल. मावशीने पलीकडचा पॅसेज ओलांडला, की मागची वाट मिटायची आणि पुढची उघडायची. झाली अख्खी फेरी. खुळेपणाच असेल तर कुणाचं काय बिघडलं? नाहीतरी ते सेटिंग करायचंच होतं.

मावशी निघाली. तो लॅपटॉपवर बोट ठेवून बागेपलीकडे बघत राहिला. काचेमागून पांढरं डोकं, पांढरी शाल पॅसेजभर पुढे सरकली आणि व्यायामाच्या खोलीशी दिसेनाशी झाली. टिल्लूने बटण दाबलं.

पुन्हा ती शांतता. मेट्रनबाई जांभई अर्धी टाकून उभ्या. मग जांभई पुरी झाली आणि उजवीकडच्या पॅसेजात पावलं वाजली. टिल्लू हसत उठला.

पोस्टमास्तर आले. "बघ, आत्ता कसं मोकळं वाटतंय," ते म्हणाले, बाकावर बसले आणि त्यांनी पेपर उघडला. पांढरे केस, पांढरी शाल.

"मास्तर, मावशी कुठेय?"

"पलीकडच्या पॅसेजात. बाग बघत उभी होती, मी पुढे आलो."

५

जेवणघराशी पोहोचल्यावर टिल्लूला आठवलं की लॅपटॉप उघडाच राहिलाय. तो मागे फिरला. समोरच्या बाजूने धावत गेला, तर व्यायामाच्या खोलीशी आल्यावर वाटलं, मावशीचा चष्मा तिच्या खोलीतच असेल, तो न्यावा. हे सगळं खोटं आहे हे कळत असतानाही त्याचे पाय वळले. एका आयाला त्याने पॅसेजात पाठवलं. ती हसत परत आली आणि कशाला गेले होते म्हणून त्यालाच विचारायला लागली.

तो बागेत उतरला. काचेपलीकडे मावशी होती. बरी होती, मजेत होती. पॅसेजाच्या या टोकापर्यंत जायची, खिसा चाचपायची, वळायची, त्या टोकापर्यंत जायची. टिल्लूला पाहून तिने हात हलवला, काचेवर बोटांनी टकटक केलं. आवाज आला नाही. तिचे ओठ हलत होते, बहुधा नेहमीसारखी काहीतरी थट्टा करत होती. त्याने एक कुंडी उचलली. पण काच फुटली तर तिच्याच अंगावर, म्हणून खाली ठेवली.

स्टुलाशी परत येऊन त्याने विचार केला, आणि आता त्याला खुळा वगैरे म्हणत बसला नाही. वाट पूर्वीसारखी करावी तर या पॅसेजात पोस्टमास्तर पेपर वाचत बसलेले. त्यांना उठवायला गेला तर त्यांनी नुकताच सापडलेला बाक सोडायला साफ नकार दिला. खोल्यांच्या भागातली वाट मिटवावी तर तिथे सगळेच पेशंट. कुणाला ना कुणाला मिटवल्याशिवाय वर्तुळ तुटत नव्हतं. मग वर्तुळ तुटूच नये. मावशी बाहेर येईपर्यंत, फक्त तेवढंच, सगळ्या वाटा उघड्या.

त्याने स्पॅनिंग ट्री बंद केली.

६

घंट्या कोसळल्या. मेट्रनबाई हातात ट्रे घेऊन त्याच्यासमोरून डावीकडे धावत गेल्या, आणि तो वळतोय तोच उजवीकडून धावत येऊन पुन्हा डावीकडे गेल्या. बाईंच्या चपळाईचं त्याला कौतुक वाटलं. मग जरा वेळाने ते वाटेनासं झालं.

ठक ठक करत जेवणघराकडून मावशी आली. टिल्लूने पुढे होऊन तिला धरली, खुर्चीत बसवली. हात गरम होता, नेहमीचा, चुना लागल्यासारखा खरखरीत. तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला असता, एवढा मोठा गडी.

"वेडा कुठला," मावशी म्हणाली. "फेरी मारायला गेले होते, परदेशी नव्हते गेले."

तेव्हा उजवीकडच्या पॅसेजातून ठक ठक वाजलं.

त्याने पाहिलं नाही, असं तो पुढे म्हणेल. पण पाहिलं. वॉकरचा रबरी पाय आधी आला, मग शालीची कड, मग मावशी. ती दोघांसमोर येऊन थांबली, धापा टाकत, हसत. "बघ टिल्लू, अख्खी फेरी."

बसलेल्या मावशीने तिच्याकडे पाहिलं. दोघींनाही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"मी तुझ्याकडे राहायला आलो त्या दिवशी," तो म्हणाला, कुणाकडे बघून ते त्यालाही कळलं नाही, "तू मला पहिलं काय म्हणालीस?"

"बुटाची नाडी सुटलीय, पडशील," दोघी एकदम म्हणाल्या, आणि दोघींचे डोळे भरून आले.

लांब जेवणघराकडे आणखी एक वॉकर वाजायला लागला होता. कुठल्यातरी खोलीतून कुणीतरी खरंच मदतीला हाका मारत होतं, घंटेवर घंटा चढल्यामुळे कोण ते कळत नव्हतं. टिल्लूचं बोट स्पॅनिंग ट्री पुन्हा चालू करायच्या बटणावर होतं आणि ते दाबवत नव्हतं. यांतल्या कुणी त्याला भरवलं होतं, कोण रात्र रात्र उशाशी बसली होती, ते त्याला सांगता येत नव्हतं.

"दाब रे," मावशी म्हणाली. कोणती म्हणाली, ते गोंगाटात समजलं नाही. "लोकांच्या घंट्या अडल्यात. जी तुझ्याबरोबर घरी येईल ती तुझी मावशी. त्यात एवढं काय अवघड आहे?"

त्याने दाबलं.

७

शांतता पडली. दोघी जागच्या जागी थांबल्या, एक बसून, एक उभी. टिल्लू एकीकडून दुसरीकडे बघत राहिला. केसांचा भांग, हनुवटीवरचा तीळ, शालीचा सुटलेला दोरा, सगळं सारखं. त्याने बसलेल्या मावशीचा हात धरलेला होता आणि त्याने तो सोडला नाही. सोडायला हवा होता की नाही, हे ठरवायला त्याला अर्धं मिनिट मिळालं आणि ते गेलं.

उभ्या मावशीने कमरेचा खिसा चाचपला. "अगं बाई, विसरलेच की," ती म्हणाली. टिल्लूकडे बघून गोड हसली, "आलेच हं," म्हणाली, आणि वॉकर वळवून ठक ठक करत जेवणघराकडे, पलीकडच्या पॅसेजाकडे गेली. लांबचा तिसरा आवाजही त्याच बाजूला गेला.

मेट्रनबाई आल्या, एकट्याच. बसलेल्या मावशीकडे पाहून त्यांचा चेहरा उजळला. "झाली म्हणायची फेरी. डॉक्टरांना सांगते मी. उद्या सकाळी न्या घरी."

"उद्या कशाला?" मावशी म्हणाली. "आत्ताच निघू."

"अगं, सगळ्यांना भेटायचं असेल ना तुला? आया, पोस्टमास्तर..." टिल्लू म्हणाला. मावशी एका दिवसाच्या मुक्कामावरून निघाली तरी निरोप घेताना तास घालवते, हे अख्ख्या गोतावळ्याला माहीत आहे.

"नको," मावशी म्हणाली. "कुणाला भेटायला नको."

टिल्लूने लॅपटॉप मिटला. बागेपलीकडे, काचेमागे, काहीतरी पांढरं या टोकाकडून त्या टोकाकडे चाललं होतं. मधेच ते थांबलं आणि त्यातून हातासारखं काहीतरी वर झालं. टिल्लूची मान वळायला लागली.

"तिकडे बघू नकोस," मावशी म्हणाली.

लहानपणापासून टिल्लूने तिचा शब्द मोडला नव्हता. तो खाली मान घालून उठला आणि तिची पिशवी भरायला गेला.